कंट्रोलरला बांधलेला फेटा

माणसाला फेटा बांधतात हे मला ठाऊक होतं. नवरदेवाला बांधतात, पाहुण्याला बांधतात, निवडून आलेल्याला बांधतात आणि पडलेल्यालाही बांधतात, बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. पण यंत्राला फेटा बांधलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि तोही मी बनवलेल्या यंत्राला. तेव्हापासून कुणाच्या डोक्यावर गुलाबी फेटा दिसला की मला किळस येते. लग्नाला गेले तरी मी तोंड फिरवून जेवते.

मी महामाया. लातूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. ई-रिक्षाचे कंट्रोलर दुरुस्त करते. कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्या मधला डबा. मोटरला किती करंट सोडायचा ते हा डबा ठरवतो. लेकरांच्या रिमोटच्या गाडीत तो काड्यापेटीएवढा असतो. गाडी मोठी झाली की डबाही मोठा होतो आणि तापतोही तसाच. म्हणून त्याच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, वर पंखे असतात. त्याला वारा लागला पाहिजे. बास. बाकी तो काही मागत नाही, ना हार ना नारळ.

तर तालुक्याच्या एका गावचा ठेकेदार माझ्याकडं आला, शेषेराव म्हणून. गावाचं नाव घेत नाही, उगं तोंड कशाला विटाळू. तिथल्या नालेसफाईचं काम त्याच्याकडं होतं. त्याला रिमोटवर चालणारी मोठी गाडी पाहिजे होती. पुढं फावडं, नाल्यात उतरून गाळ ढकलत न्यायचा. "माणूस वर, मशीन आत," असं तो म्हणाला. पुढं हेच वाक्य त्यानं बॅनरवर छापलं, स्वतःच्या फोटोखाली.

त्याच्यासोबत रामकिशन आला होता. तो दुकानाच्या पायरीवरच उभा राहिला.

"आत या की," मी म्हटलं.

"न्हाई ताई, हितंच बरं हाय."

रामकिशन नाल्यात उतरणारा माणूस. जन्म त्यातच गेला. अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून आला होता, तरी लोकांच्या नाकाला आपला वास येईल म्हणून पायरी चढत नव्हता. त्याचा धाकटा भाऊ धम्मानंद नांदेडला एका सोसायटीच्या संडासाच्या टाकीत उतरला, तो वर आलाच नाही. गॅसनं गेला. रामकिशन हे सांगत होता तेव्हा शेषेराव बाजूला उभा राहून चुकचुकला. "लई गुणी पोरगं होतं," म्हणाला. आणि त्याच दमात मला विचारतो, "मॅडम, मशीनवर आण्णासाहेबांचा फोटो कुठं बसंल?" आण्णासाहेब म्हणजे तिथले पुढारी, ठेके त्यांच्याच हातातले.

मला त्याच वेळी त्याला हाकलून द्यावंसं वाटलं होतं. हाकललं नाही ते रामकिशनकडं बघून. मी शेषेरावाला सांगितलं, मशीन बनवते, पण चालवणार रामकिशन. एकदा मशीन आली की हा माणूस परत नाल्यात उतरणार नाही. कबूल? "कबूल, कबूल, हे काय बोलणं झालं मॅडम," म्हणाला.

मग रामकिशन शिकायला लातूरला यायला लागला. येताना बायकोला घेऊन यायचा. सरजाबाई झाडूवाली, तोंडानं फटकळ. दुकानामागच्या मोकळ्या जागेत मी चिखलाचा ढीग करून दिला होता. पहिल्यांदा रिमोट हातात दिला तर रामकिशन तो अंगापासून लांब धरून उभा. "ताई, माझ्या हातानं बिघडंल."

"बिघडला तर मी बसलेय की दुरुस्त करायला. फिरवा."

दोन-चार खेपांत गडी असा तयार झाला की मशीन उलटी घेऊन भिंतीला न घासता वळवायचा. सरजाबाई उपड्या पाटीवर बसून सूचना द्यायची. "आवं, डावीकडं घ्या की जरा! डावं कळंना का?"

"गप बस. ड्रायव्हरला बोलू न्हाई."

"ड्रायव्हर म्हनं! माय गं!" आणि ती एवढी हसायची की तिला ठसका लागायचा.

मी त्याला सगळं समजावलं होतं. वर लाल दिवा आहे, तो लागलेला असेल तर मशीन जिवंत. विझला म्हणजे मेन फ्यूज उडाला, मग ते नुसतं लोखंड. डबा फार तापला तर मशीन आपोआप थांबेल, घाबरायचं नाही, गार होऊ द्यायची. आणि मशीन हाताबाहेर गेलीच तर रिमोटवरचं बटण दाबायचं, जागेवर बंद. हे तापल्यावर थांबणं आणि बटणानं थांबणं, दोन्ही एकाच वायरीवर होतं. रामकिशन सगळं ऐकून घ्यायचा आणि मला परत म्हणून दाखवायचा.

उद्घाटनाच्या दिवशी टेम्पोत मशीन घालून मी चाकूरमार्गे गेले. नाल्याच्या काठावर मंडप. आण्णासाहेब येणार म्हणून नाल्याच्या दोन्ही कडांना पांढरी पावडर मारलेली, रस्ता धुतलेला. मंडपाच्या दारात गुलाबपाणी उडवायचं यंत्र. नाल्याचा वास मला नवा नाही, मी काय राजवाड्यात वाढलेली नाही. पण नाला, पावडर, गुलाबपाणी आणि मागं कढईत तळायला घातलेल्या पुऱ्या, हे सगळं एकदम नाकात शिरलं आणि ते सोसेना. घाण निदान घाण असल्यासारखी तरी वास मारते. ही सजवलेली घाण होती.

रामकिशन पांढऱ्या शर्टात, इस्त्री केलेल्या. सरजाबाई हिरव्या नव्या लुगड्यात. ती मला म्हणाली, "बाई, आज कपडे धुवायचं काम न्हाई बगा. शर्ट तसाच ऱ्हानार."

तेवढ्यात मी मशीनकडं पाहिलं. देगलूरहून बोलावलेला फेटेवाला मशीनवर चढला होता. कंट्रोलरचा डबा मशीनच्या वरच्या बाजूला, मधोमध. लांबून डोक्यासारखाच दिसतो. त्या डोक्याला हा बाबा गुलाबी फेटा बांधत होता. पीळ देऊन, दाबून, तुरा काढून, झकास. पट्ट्या झाकल्या, पंखे झाकले. वर कुणीतरी मूठभर हळदकुंकू टाकून ठेवलेलं.

मी धावलेच. "अहो, काय करताय? काढा ते!"

"मॅडम, मशीनचा मान हाय," शेषेराव म्हणाला.

"मान गेला खड्ड्यात. त्याला वारा लागू द्या, जळून जाईल."

"आण्णासाहेब यायलेत मॅडम. फोटो झाला की काढतो. आईची शपथ."

शेषेरावाची आई केव्हाच वारली आहे, हे मला मागून कळलं.

आण्णासाहेब आले. स्वतःलाही फेटा, मशीनलाही फेटा, दोघं शेजारी उभे राहून फोटो झाला. मशीनच्या पाठीवर शाल टाकली. पुढच्या फावड्यावर नारळ फोडला. मग भाषण. आजपासून आपल्या गावात एकही माणूस नाल्यात उतरणार नाही, हा माणुसकीचा विजय आहे, वगैरे. टाळ्या. बोलताना आण्णासाहेबांनी नाकाला रुमाल लावला होता, तो माइकसमोरसुद्धा काढला नाही. माणुसकीचा विजय रुमालातून बाहेर पडला.

फोटो झाल्यावर मी परत फेट्याला हात घातला, तर एका कार्यकर्त्यानं मला मागं सारलं. "मॅडम, तुमी खुर्चीवर बसा. तुमचा बी सत्कार हाय."

रामकिशन रिमोट घेऊन पुढं झाला. सरजाबाई पदर सावरून उभी राहिली. आण्णासाहेबांनी हात पुढं केला.

"आण इकडं."

आणि त्यानं दिला. काय करणार? सगळा मंडप टाळ्या वाजवत होता.

मशीन उतारावरून नाल्यात गेली. आण्णासाहेबांनी रिमोटची दांडी पुढं दाबली ती सोडलीच नाही. रामकिशन बाजूनं हळूच म्हणाला, "साहेब, थोडं मागं घ्या, मग पुडं. टप्प्याटप्प्यानं." पण हे कोण ऐकतंय? फावडं गाळात रुतलं. गाळ म्हणजे काय काय सांगू? प्लास्टिक, कोंबड्यांची पिसं, कुणाची तरी गादी, फुगलेलं डुक्कर. चाकं फिरेनात. मोटर अशी अडकली की ती फिरत नाही, पण करंट ओढतच राहते, आणि तो सगळा ताप कंट्रोलर सोसतो. त्याच्या डोक्यावर फेटा. थोड्या वेळानं मशीन गपकन थांबली. जशी थांबायला पाहिजे तशीच थांबली.

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. आण्णासाहेबांचा चेहरा पडला.

"बरोबर थांबलीय," मी ओरडले. "तापलीय. फेटा काढा, गार होऊ द्या, परत चालेल."

माझं कुणाला ऐकायचंय! शेषेरावानं त्याच्या इलेक्ट्रिशियनला हाक मारली. "वैजनाथ, डायरेक्ट कर रे!"

डायरेक्ट करणे हा आमच्या भागातला सगळ्यात मोठा रोग आहे. फ्यूज उडतोय? तार बांध, डायरेक्ट कर. मीटर अडवतोय? डायरेक्ट कर. जी वायर जीव वाचवायला घातलेली असते तीच या लोकांना आडवी आलेली दिसते. वैजनाथ पकड घेऊन उतारावर वाकला, फेट्याच्या कडेखाली हात घातला, वायर तोडली आणि दोन टोकं पिळून टाकली. मी "अरे नको, नको" म्हणेपर्यंत काम झालं होतं. तापल्यावर थांबणं गेलं आणि रिमोटचं बटणही गेलं, एकाच पिळात.

"हां, आता मारा साहेब!"

साहेबांनी मारलं. फेट्यातून धूर निघाला. जळक्या कापडाचा वास त्या नाल्याच्या वासात मिसळला, तो अजून माझ्या नाकात आहे. डब्यातले स्विच वितळले. वितळलेला स्विच बंद होत नाही, सगळा करंट मोकळा सोडतो. मशीननं एकदम हिसका मारला, गाळातून सुटली आणि पळाली. आण्णासाहेब रिमोट हलवताहेत, बटण दाबताहेत, काही नाही. रस्त्याखाली जिथं नाल्यावर स्लॅब टाकलेला आहे, त्या अंधारात ती शिरली. आतून धाडकन आवाज आला. मी आणि रामकिशननं वाकून पाहिलं. बरीच आत, तिरकी अडकली होती. लाल दिवा विझला. मेन फ्यूज उडाला होता. मेली.

आण्णासाहेबांनी काय करावं? रिमोट रामकिशनच्या हातात कोंबला. "धर. नीट शिकवलं न्हाई वाटतं याला."

याला! रामकिशननं तो रिमोट धड एकदा चालवलासुद्धा नव्हता तिथं. मला एवढी किळस आली, त्या माणसाच्या पांढऱ्या बोटांची, अंगठ्यांची, रुमालाची, सगळ्याचीच. थुंकावंसं वाटलं. पण तिथं थुंकायला स्वच्छ जागासुद्धा नव्हती.

"शेषेराव, ती बाहेर काढा," आण्णासाहेब म्हणाले. "पत्रकार जेवायला बसले हायत तवर काढा."

"हाव साहेब." आणि शेषेराव वळला. "रामकिशन, उतर."

मला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ज्या माणसानं आत जाऊ नये म्हणून मशीन, त्यानं आत जायचं, मशीन आणायला. आत्ता, त्याच मंडपात, त्याच बॅनरखाली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी म्हटलं. "स्लॅबखाली गॅस असतो. कायद्यानं माणूस उतरवता येत नाही. तुम्ही मला शब्द दिलाय."

"दोन मिन्टाचं काम हाय मॅडम. दोर बांधायचा आन यायचं. त्याला सवय हाय."

"क्रेन बोलवा. स्लॅब फोडा."

"रस्ता फोडू? आत्ताच धुतलाय."

मी रामकिशनकडं पाहिलं तर तो शर्टाची बटणं सोडत होता. त्याला कुणी धरलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. शेषेरावानं नाव घेतलं आणि याचे हात बटणांवर गेले.

"रामकिशनभाऊ, नाही," मी म्हटलं.

"ताई, तुमची मशीन हाय. एवढी कष्टानं केलाव. काढून देतो की."

म्हणजे माझ्यासाठी! आणि सरजाबाईनं हात पुढं केला होता, शर्ट घ्यायला. रोज घेते तसा. मग तिची नजर स्वतःच्याच हातावर गेली. तिनं तो हात मागं घेतला आणि तोंडावर धरला.

मी तेव्हा खोटं बोलले. जोरात, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं. "कुणी जवळ जाऊ नका! बॅटरी पेटलीय! लिथियमची आहे, कोणत्याही क्षणाला फुटेल! स्लॅब उडेल!"

काय पळापळ झाली! खुर्च्या पडल्या. वाढपी पुऱ्यांची परात घेऊनच पळाला. आण्णासाहेब एवढ्या चपळाईनं गाडीमागं गेले की मला वाटलं याला निवडणुकीत कधी असं पळताना पाहिलं नाही. शेषेराव पार समोरच्या दुकानाच्या खांबाआड. वैजनाथ कुठं गेला ते कळलंसुद्धा नाही. मला बरं वाटलं. म्हटलं चला, जिवाची भीती तरी सगळ्यांना सारखी कळते. आता कोण कशाला याला उतरवतंय?

तिकडून, खांबाआडून, शेषेरावाचा आवाज आला.

"रामकिशन! जरा जपून उतर बरं का, बाबा!"

देवाशपथ सांगते, मला मळमळ म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. नाल्यानं नाही, डुकरानं नाही. बॅटरी फुटणार हे त्या माणसानं खरं मानलं होतं. खरं मानून आधी स्वतः लांब पळाला, आणि लांब पळून याला जपून उतरायला सांगत होता. आवाजात माया सुद्धा होती. मी वाकले आणि खरोखरच ओकले, त्या धुतलेल्या रस्त्यावर.

डोकं वर केलं तर रामकिशन माझ्याकडं बघत होता. लाल दिवा विझलेला त्यालाही दिसला होता. मशीन मेली आहे, फुटणारं काही नाही, मी थाप मारतेय, हे तिथं त्याच्याशिवाय कुणालाच कळणारं नव्हतं. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्या खांबाकडं. मग उघडी बटणं खालून वर एकेक करून लावली. गळ्याचं सुद्धा.

"न्हाई," तो म्हणाला.

"आं?" खांबाआडून.

"न्हाई उतरत."

"न्हाई म्हंजे? अरे, काम हाय तुझं ते!"

"न्हाई म्हंजे न्हाई." आवाज चढवलासुद्धा नाही. सरजाबाई मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

बराच वेळ काही फुटलं नाही, तेव्हा मंडळी हळूहळू बाहेर आली. आण्णासाहेब कुणाकडं न बघता गाडीत बसून गेले. पत्रकारांना बुंदी वाढली गेली. शेषेराव माझ्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, तुमीच बिघडवलाव त्याला," आणि फोन कानाला लावला. मी आणि रामकिशन जवळच होतो, सगळं ऐकू येत होतं. "हॅलो, मजूर अड्ड्यावरून दोन माणसं पाठव. आत्ताच्या आत्ता. काय काम ते सांगू नको, नुसतं साफसफाई म्हण."

आम्ही तिघं निघालो होतो. स्टँडकडं चार पावलं गेलो पण होतो. रामकिशन थांबला.

"आवं, चला की," सरजाबाई म्हणाली. "आता कशाला थांबलाव? सुटलाव न्हवं?"

"मी सुटलो," तो म्हणाला, आणि मागं वळला. जाऊन, स्लॅब जिथं सुरू होतो तिथं, उताराच्या तोंडाशी मांडी घालून बसला. वाट अडवून. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून त्या पावडरीत. सरजाबाई थोडा वेळ उभी राहिली, "जळो मेलं ते लुगडं" म्हणाली, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. मीही बसले. वास सहन होत नव्हता. मी पदर नाकाला लावणार होते, मग आण्णासाहेबांचा रुमाल आठवला आणि तशीच बसून राहिले.

शेषेराव येऊन ओरडून गेला, हातापाया पडून गेला, परत ओरडून गेला. कामावरून काढीन म्हणाला. रामकिशननं मान हलवली, काढा म्हणून.

मग मोटारसायकलवर दोन माणसं आली. एक वयस्क, एक अगदी कोवळा, ओठावर मिसरूड नुकतं फुटलेलं. चपला काढत, अर्धी विजार वर दुमडत आमच्यापर्यंत आली. वयस्कानं आमच्याकडं पाहिलं, नाल्याकडं पाहिलं.

"काम काय हाय, दादा?" त्यानं विचारलं.

रामकिशन जरा सरकला, सरजाबाईलाही सरकवलं आणि दोघांपुरती जागा केली.

"बसायचं हाय," तो म्हणाला. "बसा."